कर्तबगार स्त्रियांच्या खऱ्या गोष्टी मुलांना सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि शाळांमध्ये वाचनतास घेणारे कार्यकर्ते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुद्दाम महाराष्ट्र आणि गोव्यातील घेतली आहेत, कारण त्यातील गावे, वाडे आणि नावे मुलांच्या ओळखीची असतात आणि सांगणाऱ्यालाही तपशील पडताळून पाहता येतो. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो, तेथे तसा निर्देश केला आहे.

1. अशा गोष्टी कोणत्या वयापासून सांगाव्यात?

पाचव्या-सहाव्या वर्षापासून सांगता येतात, मात्र त्या वयात संपूर्ण चरित्र सांगू नये. लहान मुलाला एक माणूस, एक अडचण आणि एक कृती एवढे पुरते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे नाहीसे होऊ नये म्हणून घरात बियाण्यांचा साठा कसा जपला, ते शेतकऱ्यांना कसे वाटले आणि 2020 सालच्या पद्मश्रीपर्यंत हे काम कसे पोहोचले, ही गोष्ट घरातल्या वालाच्या चार बिया हातात देऊनही सांगता येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घटनांची साखळी समजते, तर बाराव्या वर्षानंतर खटले, जातिभेद आणि समाजातील मतभेद यांविषयी मोकळेपणाने बोलता येते. कोणत्याही वयात गोष्टीची सुरुवात जन्मतारखेने आणि आई-वडिलांच्या नावाने करू नये, कारण तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा साचा आहे आणि मुले तो लगेच ओळखतात.

2. मग परीकथा आणि पंचतंत्र बंद करावे का?

अजिबात नाही. कल्पनेच्या गोष्टींचे काम वेगळे आहे. फक्त सांगताना ‘ही खरी घडलेली गोष्ट आहे’ किंवा ‘ही रचलेली गोष्ट आहे’ हे स्पष्ट सांगावे. मुले हा फरक फार गांभीर्याने घेतात.

3. सुरुवात कोणापासून करावी? सगळेच जण सावित्रीबाईंपासून करतात.

सावित्रीबाईंपासून करण्यात गैर काहीच नाही, पण आमचा अनुभव असा की मुलांना आपल्या वयाच्या व्यक्तीपासून सुरुवात केलेली अधिक भावते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी साधारण चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मुभा नाही, त्यांचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारला. सातवीतल्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की तिला लिहायला शिकवले कोणी. सावित्रीबाईंच्या गोष्टीकडे जाण्यासाठी याहून चांगली वाट नाही. खेळाची आवड असलेल्या मुलांसाठी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांच्यापासून सुरुवात करावी. दुष्काळी भागात वाढलेली ही धावपटू 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. तेथे तिला पदक मिळाले नाही, हेही अवश्य सांगावे.

4. तीन जानेवारीच्या भाषणांमुळे मुलांना सावित्रीबाईंचा कंटाळा आला आहे. काय करावे?

कंटाळा सावित्रीबाईंचा आलेला नसतो, विशेषणांचा आलेला असतो. ‘क्रांतिज्योती’, ‘ज्ञानज्योती’ हे शब्द वारंवार ऐकून मुलाच्या मनात व्यक्ती उभी राहत नाही. म्हणून काही दिवस सगळी विशेषणे बाजूला ठेवावीत आणि केवळ घटना सांगाव्यात.

सातारा जिल्ह्यातील नायगावी 1831 मध्ये जन्मलेल्या या मुलीचे नवव्या वर्षी लग्न झाले. लिहा-वाचायला ती त्यानंतर शिकली. 1848 मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, म्हणजे आजच्या हिशेबाने बारावीच्या वर्गातील मुलगी. रस्त्यात अंगावर शेण-चिखल टाकला जाई, म्हणून त्या शाळेत बदलण्यासाठी दुसरे लुगडे जवळ ठेवत, हा तपशील बहुतेक मुलांना माहीत असतो, पण पुढचे प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही: ते लुगडे धुवायला किती वेळ लागत असेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याने जाताना मनात काय येत असेल, दुसरा रस्ता का धरला नसेल? असे प्रश्न विचारून थांबावे. उत्तर आपण देऊ नये.

थोड्या मोठ्या मुलांसाठी त्यांची पत्रे हा खजिना आहे. 1868 च्या पत्रात त्या जोतीरावांना नायगावहून कळवतात की गणेश नावाचा, पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील सारजा यांचे प्रेम जमले म्हणून गावातील लोक त्या दोघांना मारायला निघाले होते. सारजा तेव्हा गरोदर होती. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याची भीती घालून त्यांनी जमाव थोपवला आणि दोघांना जोतीरावांकडे धाडले. या गोष्टीत साहस आहे, प्रसंगावधान आहे, आणि कायदा माहीत असण्याचा थेट उपयोगही आहे.

1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. मुंढव्याजवळील वस्तीतून आजारी मुलाला उचलून त्यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचे निधन झाले. शाळेच्या भाषणांत बहुधा 1848 नंतर थेट पूर्णविराम येतो. मधली जवळजवळ पन्नास वर्षे सांगितली तर मुलांना त्या पुन्हा नव्याने भेटतात.

5. ‘पहिली भारतीय महिला’ असे सांगितले की मुलांवर लगेच छाप पडते. ते टाळावे असे का म्हणता?

कारण ‘पहिली’ हा दावा बहुधा अर्धवट असतो आणि मोठे झाल्यावर मुलाला तो खोडलेला दिसला, की संपूर्ण गोष्टीवरचा त्याचा विश्वास डळमळतो. मुलींसाठी मुंबईत अमेरिकन मिशनने 1824 मध्येच शाळा काढली होती. त्यामुळे भिडे वाड्यातील शाळेचे महत्त्व उणे होत नाही. ती शाळा येथील एका बहुजन कुटुंबाने, स्वतःच्या समाजाचा आणि घरच्यांचा रोष पत्करून काढली आणि तेथे शिकवायला स्वतः नुकतीच शिकलेली एक तरुण स्त्री उभी राहिली, हे तिचे वेगळेपण आहे. त्याचप्रमाणे आनंदीबाई जोशी यांना 1886 मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. दोघींची नावे एकत्र घेतली तर गोष्ट अधिक मोठी होते. क्रमांकापेक्षा ‘तिच्या आधी ही वाट कशी होती आणि तिच्यानंतर कोण त्या वाटेने गेले’ हे सांगावे.

6. एखादी गोष्ट खरी आहे की दंतकथा, हे घरच्या घरी कसे ठरवायचे?

एक साधी कसोटी अशी: हे कोणी पाहिले आणि कोणी लिहून ठेवले, असा प्रश्न विचारावा. अहिल्याबाई होळकर यांनी न्यायासाठी स्वतःच्या मुलाला हत्तीच्या पायी दिले, ही कथा आजही कित्येक ठिकाणी उत्साहाने सांगितली जाते. इतिहासकार मात्र मालेरावांचा मृत्यू 1767 मध्ये आजारपणाने झाल्याचे मानतात. ही कथा खोटी तर आहेच, शिवाय मुलांसाठी भीतिदायकही आहे. महेश्वरहून जवळजवळ अठ्ठावीस वर्षे चालवलेला कारभार, बांधलेले घाट, विहिरी आणि धर्मशाळा हे सर्व आज जाऊन पाहता येते. त्यांच्या न्यायबुद्धीची साक्ष देण्यासाठी हत्तीची गरज नाही.

याउलट राणी लक्ष्मीबाईंबाबत आपल्याकडे मराठीतच प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असते. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक धन मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि 1857-58 च्या धामधुमीत झाशीतच सापडले. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटली आणि त्यांनी पाणी शेंदण्याची तयारी दाखवली असता, विद्वान ब्राह्मणाला श्रम न देता तिने स्वतः पाणी शेंदले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तटावरून घोड्यासह घेतलेल्या उडीचे चित्र आकर्षक असले, तरी विहिरीवरची ही राणी मुलांना अधिक खरी वाटते. तिच्या जन्मवर्षाबाबत 1828 आणि 1835 अशी दोन मते आहेत. मुलांना दोन्ही सांगावीत.

7. फातिमा शेख यांची गोष्ट सांगावी का? त्यांच्याबद्दल वाद आहे असे ऐकले.

सांगावी, पण जेवढा पुरावा आहे तेवढीच. सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात ‘फातिमा’ हिचा उल्लेख येतो: आपण आजारपणामुळे माहेरी असल्याने कामाचा सारा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. एका सहकारी स्त्रीवर सावित्रीबाईंचा किती विश्वास होता, हे या एका उल्लेखातून दिसते. जन्मतारखेपासून शिक्षणापर्यंतचे जे तपशील समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांना समकालीन आधार नाही. ते गाळून, ‘इतिहासात काही माणसांचे फक्त एक वाक्य उरते’ एवढे मुलांना सांगितले, तर ती स्वतःच विचारतात की अशा आणखी किती जणी असतील.

8. संत मुक्ताबाई आणि जनाबाई यांच्या गोष्टींत चमत्कार आहेत. त्या ‘खऱ्या गोष्टी’ म्हणून सांगता येतील का?

पाठीवर मांडे भाजणे किंवा विठ्ठलाने दळण दळणे या परंपरेने जपलेल्या कथा आहेत आणि त्या तशाच, परंपरेच्या कथा म्हणून सांगाव्यात. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या नावावरचे अभंग आजही वारीत गायले जातात आणि त्यात झाडलोट, दळण-कांडण हे सारे घरकाम आलेले आहे, ही गोष्ट मात्र डोळ्यांसमोर आहे. श्रद्धेच्या घरात चमत्काराची चेष्टा करण्याची आवश्यकता नाही आणि त्याला इतिहास म्हणण्याचीही नाही.

9. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट फार दुःखद आहे. शेवट बदलून किंवा गाळून सांगितली तर चालेल का?

शेवट बदलू नये. वयानुसार तो कोठे थांबवायचा, एवढेच ठरवावे. सहा वर्षांच्या मुलाला कल्याणची मुलगी समुद्र ओलांडून डॉक्टर व्हायला गेली, येथपर्यंतची गोष्ट पुरेशी आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येते की चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. पुढे स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्री-डॉक्टर हव्यात, हा विचार तिने पक्का धरला. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात या कुटुंबाविषयी वाचले आणि पत्र लिहिले, हा योगायोग मुलांना फार आवडतो. 1883 मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, 1886 मध्ये पदवीधर झाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने ती खंगत गेली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात तिचे निधन झाले.

‘मग एवढे करून उपयोग काय झाला?’ हा प्रश्न मूल विचारतेच. त्यावर घाईने सांत्वन करू नये. तिला रुग्ण तपासण्याची संधी मिळाली नाही, हे खरे आहे आणि ते वाईट आहे, असे स्पष्ट म्हणावे. मुले दुःखाला घाबरत नाहीत. मोठी माणसे काहीतरी लपवत आहेत, या जाणिवेला घाबरतात.

10. आनंदीबाईंच्या गोष्टीत गोपाळराव चांगले की वाईट? मुलगा विचारतो तेव्हा गोंधळ होतो.

पत्नीने शिकावे म्हणून जगाशी भांडणारा हा माणूस अभ्यासासाठी तिला मारतही असे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगाव्या लागतात. मारहाणीचा उल्लेख ‘त्या काळी असेच असायचे’ असे म्हणून सौम्य करू नये. स्वतः आनंदीबाईंनी अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रात त्याबद्दलची वेदना मांडली आहे, म्हणजे त्या काळीही ते दुखत होते. माणूस एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असू शकतो, हे दहाव्या वर्षीच्या मुलाला कळते. जोतीरावांशी तुलना करून गुण देण्याचा मोह मात्र आवरावा.

11. सी. व्ही. रामन किंवा टिळक यांच्यासारख्या थोर माणसांनी स्त्रियांना विरोध केला, हे सांगितले तर मुलांचा त्यांच्यावरील आदर जाणार नाही का?

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, या मुंबई विद्यापीठात अव्वल गुण मिळवून 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, अशा अपमानकारक अटींवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून पुढे रामन यांनी मुलींना प्रवेश खुला केला आणि 1939 मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. येथे रामन यांचे मत बदलले, हा गोष्टीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. तो आदर कमी करत नाही. दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या सख्ख्या भगिनी, हे सांगितले की त्या घराविषयीही कुतूहल वाढते.

रखमाबाईंच्या बाबतीत असा गोड शेवट नाही. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न मान्य नसल्याने त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1885 चा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली होती. 1888 मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. टिळकांचे स्वातंत्र्यलढ्यातील स्थान आणि या प्रश्नावरील त्यांची चूक, दोन्ही एकाच मुलाच्या मनात राहू शकतात. लहान मुलांना खटला समजावताना ‘तिला विचारले नव्हते, म्हणून तिने नाही म्हटले’ एवढे वाक्य पुरते.

12. पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला. शाळेत ही गोष्ट सांगितली तर पालक तक्रार करतील, अशी भीती वाटते.

भीती समजण्यासारखी आहे, परंतु 1883 मधील ख्रिस्ती धर्मस्वीकार गाळून रमाबाई सांगताच येत नाहीत. तो एका वाक्यात, वस्तुस्थिती म्हणून सांगावा. त्याची बाजू घेऊ नये आणि निंदाही करू नये. त्यावरून त्यांच्या हयातीत मोठा वाद झाला आणि पुढे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या आरोपावरून त्याच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, हेही मोठ्या मुलांना सांगावे. उरलेला वेळ त्यांच्या कामाला द्यावा: आई-वडील दुष्काळात गमावलेली, भावासह देशभर पायी हिंडलेली ही संस्कृत पंडिता 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना केडगावला घेऊन येते, आणि तेथे मुली छपाईसारखी कामे शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. शाळेने पालकांना आधी कल्पना द्यावी. बहुतेक तक्रारी गोष्टीबद्दल नसतात, आधी न सांगितल्याबद्दल असतात.

13. मुलग्यांना या गोष्टी सांगून उपयोग होतो का?

मुलग्यांना वेगळे बसवले नाही, तर होतो. ‘आज मुलींसाठी गोष्ट आहे’ असे जाहीर केले की निम्मा वर्ग मनाने बाहेर जातो. शिवाय या गोष्टींत अडवणारे, साथ देणारे आणि मत बदलणारे पुरुषही आहेत (प्रश्न 10 आणि 11 पाहा), त्यामुळे आपण यांपैकी कोण असतो, हा प्रश्न मुलग्यांना आपोआप पडतो.

14. ‘बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, मग मी का जाऊ?’ यावर काय उत्तर द्यावे?

प्रश्न हुशार आहे, त्याला रागावून उत्तर देऊ नये. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातील काही लिहून घेतल्या, म्हणून त्या 1952 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, छापल्या गेल्या. जे कोणी लिहून घेतले नाही, ते गेले. एवढे सांगून मुलालाच विचारावे की किती ओव्या हरवल्या असतील.

15. गोव्यातील किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी कोणती गोष्ट जवळची ठरेल?

गोव्यातील मुलांना लिबिया लोबो सरदेसाई यांची गोष्ट खिळवून ठेवते. 1955 पासून 1961 पर्यंत वामन सरदेसाई यांच्यासह त्यांनी सीमेवरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले आणि मुक्तीची बातमी विमानातून ध्वनिक्षेपकावरून लोकांना ऐकवली. अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या कुटुंबांना न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीला भेट देता येईल, कारण आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तेथे आहेत. जर्मनीतील मुलांसाठी इरावती कर्वे आहेत: बर्लिनमध्ये पीएच.डी. करताना त्यांनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि मार्गदर्शकाला अपेक्षित असलेला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष त्यातून निघत नाही, असे मांडले.

16. गोष्ट संपल्यावर ‘तूही अशीच हो’ असे म्हणावे का?

म्हणू नये. ‘ती तुझ्या वयाची असताना बघ काय करत होती’ हे तर मुळीच नको. त्या क्षणी गोष्टीचा टोमणा होतो आणि मूल पुढच्या वेळी ऐकायला बसत नाही. मुलाने काहीच प्रतिक्रिया दिली नाही, तरी चिंता करू नये. कित्येकदा प्रश्न आठवडाभराने, भलत्याच वेळी येतो.

17. आमच्या पणजीनेही खूप सोसून शिक्षण घेतले. प्रसिद्ध नसलेल्या स्त्रीची गोष्ट चालेल का?

चालेल, आणि ती प्रश्न 6 मधील कसोटी लावूनच सांगावी. घरच्या गोष्टी पिढ्यागणिक फुगतात. पाच मैलांची शाळा दहा मैलांवर जाते. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी पत्रे, छायाचित्रामागची तारीख, गावच्या शाळेतील हजेरीपट अशी साधने मुलांसोबत शोधावीत. हयात असलेल्या आजी, मावशी, आत्या यांना मुलांनीच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहाव्यात. आणि जी गोष्ट त्यांना बाहेर सांगायची नसेल, ती वर्गात किंवा समाजमाध्यमांवर नेण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही, तर गोष्ट घरातच राहू द्यावी.